काकूंच्या कॉम्प्युटरवरचं पान

प्रिय पिक्सेल,

या नावानं आता तुला कोणी हाक मारत नसेल. ऑफिसात सगळे सर म्हणत असतील, निदान तोंडावर तरी. पण मी तुझं खरं नाव लिहून पाहिलं आणि बँकेला पत्र लिहितेय असं वाटायला लागलं, म्हणून खोडून पुन्हा हेच लिहिलं. एक बटण केसभर डावीकडे सरकवायला अख्खी सकाळ घालवायचास तेव्हा हे नाव मीच ठेवलं होतं. आता तक्रार करायची सोय नाही.

बक्षिसाची बातमी काकूंकडून कळली. मनापासून अभिनंदन. फोन करणार होते, नंबर काढलासुद्धा, पण तू फोनवर मध्ये बोलतोस, आणि मला जे सांगायचंय त्यात कोणी मध्ये बोललं तर ते माझ्याच्यानं पुरं होणार नाही. शिवाय काकूंचा एक निरोप आहे. तुझ्या त्या डोळ्यांच्या हॉस्पिटलच्या साइटवर पहिल्याच ओळीत 'रूग्ण' असा दीर्घ रू पडलाय, तो ऱ्हस्व करायचा. "बक्षीस घ्यायच्या आधी कर म्हणावं. नाहीतर बक्षीस चुकीला मिळालं असं होईल." जन्मभर छापखान्यात प्रुफं तपासलेल्या तुझ्या आईचा निरोप आहे, तेव्हा निमूटपणे कर. त्यांना ती चूक कशी सापडली ते ओघात येईलच.

आधी इकडचं सांगते. किल्लीवाल्याच्या दुकानावरची आपली खोली मी सोडली. कामं कमी झालीत. पूर्वी ज्यांना साइट हवी असायची ते आता स्वतःच काहीतरी जुळवून घेतात आणि त्यात त्यांचं भागतं. शेवटच्या दिवशी खोली रिकामी करताना किल्लीवाला वर आला, भिंतीवर आपल्या टेबलांच्या उंचीवर पडलेले दोन काळे पट्टे पाहत उभा राहिला आणि म्हणाला, "तुमचे ते भागीदार येतात का कधी?" मी म्हटलं, कामात असतात. तो म्हणाला, "असणारच." एवढंच. मग माझ्या कॉम्प्युटरचं एक टोक त्यानं धरलं, एक मी, आणि जिन्यावरून आम्ही तो खाली आणला. त्या अरुंद जिन्यावर आपण दोघांनी ते दोन्ही डबे वर चढवले होते तेव्हा तू मागे होतास आणि सारखा ओरडत होतास की माझ्या पायावर पाडू नकोस. आठवतं ना? एका बंद पडलेल्या कचेरीतून उचललेले डबे. तुझ्याचा पंखा घरघरायचा, माझा चालू व्हायला इतका वेळ घ्यायचा की मी बटण दाबून खाली जाऊन चहा पिऊन यायचे.

लोक मला अजून विचारतात की तुमची पानं इतकी पटकन कशी उघडतात. आपण काही थोर विचार करून तसं केलं नव्हतं. जड पान बनवलं तर आपल्याच डब्यावर ते उघडायचं नाही, म्हणून हलकं बनवायचो. चित्र घालायचं तर दहादा विचार. आणि झालेलं पान पहिल्यांदा बघायच्या त्या काकू. संध्याकाळी आपल्या त्या खोलीत येऊन बसायच्या आणि कागदाचं प्रूफ वाचताना धरतात तशी लाकडी पट्टी कॉम्प्युटरच्या काचेवर धरायच्या, एकेक ओळ खाली सरकवायच्या. तू चिडायचास, काचेवर ओरखडे पडतील म्हणून. त्या म्हणायच्या, "ओरखडे पडू देत, चूक राहायला नको." पुढं तू नवा घेतलास तेव्हा तुझा जुना डबा घरी त्यांच्या पुढच्या खोलीत ठेवलास. त्यांना तो चालवायला तूच शिकवलंस. वीजबिल भरणं, बातम्या वाचणं, तुला आठवड्याला एक लांबलचक मेल लिहिणं, सगळं त्या त्यावर करू लागल्या. मध्यंतरी तू त्यांना नवा पाठवतो म्हणालास, तर नको म्हणाल्या. हात बसलाय माझा याच्यावर, म्हणाल्या. ते खरंच होतं. आणि तुझा हात त्या कळांवर बसलेला होता, हे त्या तुला कधी म्हणाल्या नसतील, पण मला म्हणाल्या होत्या.

तू नवा घेतलास तो दिवस मला अजून दिसतो. पांढरी पेटी टेबलावर ठेवलीस, आधी खाली जाऊन हात धुऊन आलास, मग झाकण काढलंस. पातळ, चंदेरी, कुठं स्क्रू दिसत नव्हता. किल्लीवाला बघायला आला आणि म्हणाला, "यात काम करायचं का भांग पाडायचा?" आपण तिघंही हसलो. माझं हसणं जरा उशिरा आलं, कारण मला हेवा वाटत होता. पडद्यावरचे रंग असे होते की माझ्या पडद्यावर मी आजवर जे निळं समजत होते ते निळं नव्हतंच हे मला त्या दिवशी कळलं. तू म्हणालास, सुताराला चांगला रंधा लागतो तर आपल्याला का लागू नये? बरोबरच होतं. मी म्हटलं, सुताराची खुर्ची कुणाच्याही घरी तशीच उभी राहते, पण आपण पान बनवतो ते ज्याच्या घरी उघडणार त्याच्याकडे काय आहे ते बघायला नको? तू म्हणालास, "जग तुझ्या डब्यासाठी थांबणार नाही." आणि मग तू ते वाक्य बोललास, जे मी बरीच वर्षं उगाळत बसले. "तुझ्याकडे पैसे नाहीत, आणि त्याला तू तत्त्व म्हणतेस."

निम्मं खरं होतं. पैसे असते तर मीही कदाचित तोच घेतला असता. नंतर आले, एकदा बरे आले, तेव्हा दुकानात जाऊन उभी राहिले. त्या चंदेरी पाठीवरून बोट फिरवून पाहिलं. दुकानातला माणूस म्हणाला, डिझायनर लोक हाच घेतात मॅडम. त्या वाक्यानं मी बाहेर पडले. यात मोठेपणा नव्हता, हट्टच होता. मला वाटलं, हा घेतला की मी डिझायनर लोकांसाठी काम करायला लागणार. आपण जे बनवतो ते ज्यांना दिसतं त्यांची एक रांग असते, आणि रांगेत शेवटी कोण उभं आहे हे आपल्या टेबलावरच्या यंत्रातूनच दिसतं किंवा दिसत नाही. तुझ्यावर ठपका ठेवायचा म्हणून हे लिहीत नाहीये. तुझ्या हातात माझ्यापेक्षा दसपट कला आहे. पण तुझ्या नव्या ऑफिसात तू मला कॅमेऱ्यावरून फिरवलंस तेव्हा सगळ्या टेबलांवर तोच एक चंदेरी कॉम्प्युटर होता आणि खिडक्यांतून छान ऊन येत होतं. इतकं सुरेख दृश्य, आणि मी का कोण जाणे, त्यात एखादा जुना डबा शोधत होते.

त्याच फोनवर तू मला ते हॉस्पिटलचं पान दाखवलंस. पडद्यावर मिटलेला डोळा, सावकाश पापणी उघडते, आत बुबुळावर उजेड हलतो, आणि त्या बुबुळातून हॉस्पिटलचं नाव वर येतं. एवढं सुंदर काम मी आपल्या धंद्यात पाहिलं नव्हतं. मग तू म्हणालास, तुझ्याकडे उघडून बघ. मी उघडलं. माझ्याकडे पापणी अर्ध्यावर आली आणि थांबली. मी सांगितलं तसं. तू म्हणालास, "आता तरी तो डबा भंगारात घाल बाई." आपण दोघं हसलो, आणि तू मीटिंगला गेलास.

आता जे लिहायचंय तिथं आले. जरा उठून पाणी पिऊन आले.

मागच्या हिवाळ्यात काकूंनी तुला सांगितलं होतं की डोळ्याचं किरकोळ काम करून घेतलं, मोतीबिंदूचं, काळजी करू नकोस. मोतीबिंदू नव्हता. एका सकाळी त्यांना दिव्याभोवती रंगीत कडी दिसायला लागली आणि डोक्याची डावी बाजू ठणकायला लागली. त्यांना वाटलं पित्त असेल. दुपारपर्यंत डावा डोळा लाल झाला. त्यांनी हॉस्पिटलला फोन केला, तर रेकॉर्ड केलेला आवाज म्हणाला की नोंदणी आता फक्त वेबसाइटवर होते. शेजारणीनं सांगितलं की नोंदणीशिवाय गेलात तर दारातून परत पाठवतात. तेव्हा त्या कॉम्प्युटरपुढं बसल्या. डावा डोळा तळहातानं झाकून, उजव्यानं बघत. पापणी अर्ध्यावर आली आणि थांबली. त्यांनी वाट पाहिली. बंद करून पुन्हा चालू केला. पुन्हा वाट पाहिली. त्यांना वाटलं आपणच काहीतरी चुकीचं दाबतोय. तो दिवस गेला, दुसरा गेला. मधे त्या पडून राहायच्या, जरा बरं वाटलं की उठून पुन्हा बसायच्या.

मला त्यांनी बोलावलं ते उलट्या थांबेनात तेव्हा. मी गेले तर पुढच्या खोलीचे पडदे ओढलेले, उजेड सहन होत नव्हता म्हणून, आणि टेबलावर कॉम्प्युटर चालूच होता. पडद्यावर ती अर्धी पापणी. मी त्यांना रिक्षात घातलं आणि नोंदणी न करता नेलं. दारात कोणी अडवलं नाही. शेजारणीचं ऐकीव होतं. काउंटरवरच्या मुलीनं त्यांच्याकडे एकदा बघितलं आणि खुर्ची पुढं केली. पान उघडत नव्हतं असं मी सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "बरेच जण सांगतात. आम्ही वर कळवलंय." वर म्हणजे कुठं, ते तिलाही ठाऊक नसावं.

डॉक्टरीण तरुण होती, सरळ बोलणारी. म्हणाली, डोळ्यातला दाब एकाएकी वाढला, काचबिंदूचा झटका आहे हा, यात तास महत्त्वाचे असतात. काकूंनी विचारलं, लवकर आले असते तर? ती म्हणाली, पहिल्याच दिवशी आला असता तर नजर बहुतेक वाचली असती, पण खात्रीनं कोणीच सांगणार नाही. काकूंनी मान हलवली, जणू एखाद्या शब्दाचं दुसरं रूपही चालतं असं कोणी सांगावं. डावा डोळा गेला, पिक्सेल. त्यानं आता काही दिसत नाही. उजव्यावर लेझर केलं, झटका येऊ नये म्हणून, पण तपासताना कळलं की त्यालाही हा आजार आतून कधीपासूनच होता. समोरचं दिसतं, तेही अंधुक, आणि कडेचं जवळजवळ काहीच नाही. कागदाची सुरळी डोळ्याला लावून बघावं तसं, असं त्या सांगतात. पट्टी धरून वाचायचं बंद झालंय. आलेला पेपर घडी न मोडता कोपऱ्यात ठेवतात.

रिक्षातून परत येताना त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाल्या, "त्याला सांगायचं नाही. तुला माझी शपथ आहे." मी विचारलं, निदान दुखायला लागलं तेव्हा तरी त्याला फोन का नाही केलात? त्यांनी माझा हात सोडला, पदर सारखा केला. मग म्हणाल्या, "काय सांगणार होते? तुझं पान मला उघडता येत नाही म्हणून? एवढ्या प्रेमानं शिकवलं त्यानं मला. मला वाटलं मी विसरले."

तेव्हापासून सकाळी मी त्यांच्याकडे जाते, डोळ्यांत थेंब घालते आणि तिथंच पुढच्या खोलीत काम करत बसते. खोली सोडल्याचं ते एक कारण आहे, आता सांगायला हरकत नाही. तुझ्याशी कॅमेऱ्यावर बोलताना त्या काळा चष्मा लावतात. तू त्यांना "नटी दिसतेस" म्हणालास, तेव्हा मी पलीकडे बसले होते. त्या हसल्या, छान हसल्या, आणि फोन ठेवल्यावर चष्मा काढून पदरानं पुसत राहिल्या, काचा स्वच्छ असूनही. आठवड्याचा मेल त्या तोंडी सांगतात आणि मी लिहिते. तुझ्या लक्षात आलं नसेल, कारण शुद्धलेखन त्या मला अक्षर न् अक्षर सांगतात.

बक्षिसाचं कळलं तेव्हा त्यांनी मला बसवून घेतलं आणि म्हणाल्या, ते पान मला नीट समजावून सांग, समारंभात लोक विचारतील. मी धाकट्या भावाचा लॅपटॉप आणला, त्यावर ते उघडलं आणि सांगायला लागले. पापणी कशी उघडते. कडेनं काळसर, आत मधासारखा रंग. उजेड कुठून कुठं सरकतो. त्या ऐकत होत्या, मधेच थांबवत होत्या. "मधासारखा म्हणजे कसा, ताज्या का जुन्या?" मग म्हणाल्या, लिहिलेलं वाच. मी पहिली ओळ वाचली. त्यांनी विचारलं, "रुग्णमधला रु ऱ्हस्व आहे ना?" मी बघितलं, नव्हता. त्यांचा चेहरा इतका खुलला की बास. त्या आजारानंतर पहिल्यांदा मी त्यांना तशा पाहिल्या. लगेच निरोप ठरला, तो वर लिहिलाय. मग त्यांनी सगळं पुन्हा म्हणून दाखवलं, पापणीपासून मधापर्यंत, पाठ झालंय का ते बघायला. म्हणाल्या, "सुंदर केलंय गं त्यानं." आणि त्यात टोमणा नव्हता. तू तो ऐकायला बसशील म्हणून आधीच सांगते, नव्हता.

पानाचं काय करायचं ते तुला कळेल. हलकं एक पान आधी येऊ दे, नाव आणि नोंदणी, साधं, पांढऱ्यावर काळं. मागून वाटल्यास डोळा उघडू दे. बनवायला तुला एक दुपार लागेल. एखादा जुना डबा ऑफिसात ठेव आणि प्रत्येक पान त्यावर उघडून बघ. काउंटरवरच्या त्या मुलीचं वर कळवलेलं कुठं अडकलं तेही शोध. हे सगळं मी तुला काकूंचं नाव न घेता दोन ओळींत लिहू शकले असते, आणि शपथही राहिली असती. तसं एक पत्र लिहून झालंही होतं.

ते फाडलं, कारण परवा तुझा फोन आला. तू काकूंना सांगितलंस की बक्षीस तू त्यांच्या हातून घेणार आहेस, तसं संयोजकांशी ठरवलंयस, तुझं नाव पुकारलं की त्यांनी पहिल्या रांगेतून उठून व्यासपीठावर यायचं. त्या हो म्हणाल्या. फोन ठेवल्यावर मला म्हणाल्या, तू मागे बस, मी एकटी जाईन, नाहीतर त्याला शंका येईल. कालपासून त्या घरात उंबऱ्याशी पाय उचलायचा सराव करतायत, मी स्वयंपाकघरात असताना, मला कळू नये म्हणून. काल पडता पडता राहिल्या. अनोळखी जागा, डोळ्यांवर येणारे दिवे, आणि व्यासपीठाला पायऱ्या असतातच. म्हणून शपथ मोडून हे लिहिलं. नाव पुकारलं की तू वर उभा राहू नकोस, खाली ये. त्यांच्या डाव्या बाजूनं ये, पण आधी आवाज दे, तिकडून कोणी आलं की त्या दचकतात. त्यांचा हात तुझ्या हातात घे आणि पायरी आली की जरासा दाब. चढताना दोघं सावकाश चढा. लोकांना वाटेल मुलाला आईचं कौतुक आहे. तुला सगळं कळलंय हे त्यांना सांगायचं की नाही, ते तू ठरव, मी त्यात नाही. फक्त उतरताना हात सोडू नकोस. चढण्यापेक्षा उतरणं त्यांना अवघड जातं.

तुझीच,
जुनी भागीदार